दामिनी पथक येतं, कार्यक्रम होतात. पण मुली खरंच सुरक्षित झाल्या का, हे मोजायचं कसं?

काळी_माती
नमस्कार मंडळी. मी पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजात शिकवते. अंतर्गत तक्रार समितीची सदस्यही आहे. नऊशेच्या आसपास विद्यार्थी, त्यात मुली अर्ध्याहून जास्त. तीस-बत्तीस खेड्यांवरून येतात. बहुतेक एसटीनं, काही काळीपिवळीनं, थोड्या सायकलनं.

तीन वर्षांपासून आमच्याकडे पोलिसांचा सुरक्षा कार्यक्रम चालू आहे. महिन्यातून एकदा दामिनी पथक येतं, तासाभराचं व्याख्यान होतं, वर्षातून दोन दिवस स्वसंरक्षणाचं शिबिर होतं, व्हरांड्यात तक्रारपेटी लावली आहे. आता ठाण्याकडून पत्र आलंय की कार्यक्रमाचा आढावा पाठवा. सोबत तक्ता आहे: कार्यक्रमांची संख्या, उपस्थिती, छायाचित्रं, आलेल्या तक्रारी.

शेवटच्या रकान्याशी मी अडले आहे. पहिल्या दोन वर्षांत तक्रारी शून्य होत्या, यंदा दोन आल्या. वरिष्ठ म्हणतात, दोन आकडा लिहिला तर कॉलेजचं नाव खराब होईल, त्या आपसात मिटल्या असं समजून शून्यच लिहा. मला ते पटत नाही. पण त्याहून मोठा प्रश्न असा की शून्य असो की दोन, यावरून कार्यक्रम उपयोगी पडला की नाही हे कळतं का? तुमच्या गावच्या कॉलेजात काय अनुभव आहे? मोजायचं तर नेमकं काय मोजायचं?

वऱ्हाडी_बाप
मॅडम, माही पोट्टी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाले आहे. मले कोन्ता कार्यक्रम झाला थे काही ठाव नाई. संध्याकाळी सहाची बस आली अन् पोट्टी फाट्यावर उतरली का माहा जीव खाली पडते. तुमच्या तक्त्यात थे लिवाले जागा आहे का?

बोरीचं_झाड
मी विद्यार्थिनी आहे, दुसऱ्या जिल्ह्यातली. आमच्याही कॉलेजात तक्रारपेटी आहे. ऑफिसच्या दारासमोर, वर कॅमेरा, शेजारी शिपाईकाकांचं स्टूल. चिठ्ठी टाकायला हात वर केला की पाच मिनिटांत अर्ध्या कॉलेजला कळतं कोणी टाकली. त्या पेटीत आजवर फक्त चॉकलेटचे कागद निघाले. तुमची पेटी कुठे आहे मॅडम, ते आधी बघा.

एसटी_पासधारक
बोरीचं_झाड +१. आमची पेटी उघडायची किल्ली हरवली म्हणून दीड वर्ष ती उघडलीच नव्हती.

खाकी_निवृत्त
एकतीस वर्षं नोकरी केली, शेवटची सात वर्षं ग्रामीण ठाण्यांत. पथकाच्या बाजूनं थोडं बोलतो, कारण आत गेल्याशिवाय ते दिसत नाही.

पथक म्हणजे एक गाडी, एक महिला अंमलदार, बरोबर एक-दोन शिपाई. कॉलेजं, शाळा, शिकवण्या, बसस्थानक सगळं त्यांच्याकडेच. गणपती, दुर्गा, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा आला की हीच माणसं बंदोबस्ताला जातात. महिन्यातून एकदा व्याख्यान होतं ते यामुळे. कामचुकारपणा म्हणून नाही.

११२ चंही सांगतो. फोन तुमच्या ठाण्यात लागत नाही, तो राज्याच्या केंद्रात लागतो, नवी मुंबईला किंवा नागपूरला. तिथून जवळच्या गाडीतल्या पडद्यावर निरोप येतो. त्यामुळे मुलीला आपलं ठिकाण सांगता आलं पाहिजे. "नाल्याजवळ आहे" म्हटलं तर तालुक्यात चाळीस नाले. फाट्याचं नाव, किलोमीटरचा दगड, जवळची कापसाची जिनिंग, शाळा, काहीतरी सांगावं. व्याख्यानात हे शिकवलं जातं का, की नुसतं "घाबरू नका, फोन करा"? मोजायचं असेल तर वर्गात उभं करून विचारा: आत्ता तू वाटेत त्या वळणावर आहेस, फोन लावला, काय सांगशील? दहापैकी किती जणींना सांगता येतं ते लिहा. हा खरा आकडा.

काळी_माती
@बोरीचं_झाड, आत्ताच जाऊन पाहिलं. पेटी प्राचार्यांच्या केबिनच्या दाराशेजारी आहे. इतकी वर्षं मी रोज तिच्यासमोरून जाते आणि माझ्या लक्षात आलं नाही.
@खाकी_निवृत्त, हे उद्याच करून बघते.

तुरीचा_तुरा
आमच्याकडे स्वसंरक्षण शिबिर झालं, त्याची गोष्ट ऐका. पुतणीनं घरी येऊन दाखवते म्हणून भावाचा हात पिरगाळला, भाऊ थेट कडब्याच्या गंजीत. आजी म्हणाली, आता हिचं लग्न लावायच्या आधी पोराला विचारून घ्या. घरात सगळे पोट धरून हसले. पण ती पुतणी तेव्हापासून बसमध्ये खिडकीपाशी अंग चोरून बसत नाही, हेही मी पाहिलं आहे.

वर्धाकाठ
गंमत चांगली आहे, पण मी जरा जड बोलणार आहे.

३ फेब्रुवारी २०२० ला हिंगणघाटला सकाळच्या वेळी एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून जाळलं. एसटीतून उतरून ती कॉलेजकडे चालत निघाली होती. १० फेब्रुवारीला ती गेली. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ ला, आरोपीला जन्मठेप झाली. तो तिच्या ओळखीचा होता, आधीपासून त्रास देत होता.

आमचं गाव तिथून लांब नाही. त्या आठवड्यात आमच्या आळीतल्या तीन मुलींचं कॉलेज बंद झालं. कोणी भांडण केलं नाही, कोणी काही बोललं नाही. बापांनी पास काढायला पैसे दिले नाहीत, एवढंच. त्यातली एक माझी मावसबहीण. आज ती दोन लेकरांची आई आहे, हुशार होती, गणितात.

म्हणून मला तुमच्या तक्त्यात दोन गोष्टी खटकतात. पहिली, सगळं मोजमाप कॉलेजच्या फाटकाच्या आतलं आहे. घटना घडतात थांबा ते फाटक आणि फाटा ते घर या वाटेवर. दुसरी, ज्या मुली येणंच थांबल्या त्या तुमच्या कोणत्याच आकड्यात नाहीत. पहिल्या वर्षाला किती मुली होत्या, तिसऱ्या वर्षाला किती उरल्या, गेलेल्या का गेल्या, हे विचारा. लग्न, पैसे, बाळंतपण ही कारणं सांगतील. पण चहा घेत बसलात तर तिसऱ्या वाक्यात रस्ता येतो.

पिट्सबर्गचा_अकोलेकर
वर्धाकाठ यांचा फाटकाबाहेरचा मुद्दा वाचून लिहावंसं वाटलं. अमेरिकेत पेनसिल्व्हानियातल्या लीहाय विद्यापीठात १९८६ मध्ये जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा वसतिगृहाच्या खोलीत खून झाला. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि १९९० मध्ये कायदा झाला, आज तो क्लेरी कायदा म्हणून ओळखला जातो. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजनं दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत सुरक्षा अहवाल जाहीर करायचा, त्यात मागच्या तीन वर्षांचे गुन्ह्यांचे आकडे द्यायचे. आकडे जागेनुसार वेगळे: आवारातले, वसतिगृहातले, आवाराला लागून असलेल्या सार्वजनिक रस्त्यावरचे.

इथे बऱ्याच विद्यापीठांचे स्वतःचे पोलीस असतात, बंदूकधारी. तरी तुमचाच प्रश्न इथेही आहे. ज्या कॉलेजात तक्रारीचा आकडा जास्त, ते जास्त धोक्याचं, की तिथे मुली बोलायला धजावतात? मी काम करतो तिथल्या सुरक्षा विभागातल्या बाईंनी मला सांगितलं होतं की मोठ्या कॉलेजचा लैंगिक छळाचा आकडा वर्षानुवर्षं शून्य दिसला की त्यांना काळजी वाटते. तुमच्या दोन तक्रारी मला कार्यक्रमाचं अपयश वाटत नाहीत. शून्य मात्र लिहू नका.

एसटी_पासधारक
विद्यापीठाचे स्वतःचे पोलीस! आमच्याकडे एक रखवालदार आजोबा आहेत. पण त्यांना प्रत्येक पोरीचं गाव पाठ आहे. बस चुकली की त्यांच्याच फोनवरून घरी फोन जातो.

बोरीचं_झाड
@एसटी_पासधारक, अशा आजोबांना तक्त्यात पहिला रकाना द्या.

नियमावली
वकिली करतो, दोन कॉलेजांच्या समितीवर बाहेरचा सदस्य आहे. मूळ पोस्टमधला "आपसात मिटल्या, शून्य लिहा" हा भाग गंभीर आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात समितीनं वार्षिक अहवालात किती तक्रारी आल्या आणि किती निकाली काढल्या हे द्यावंच लागतं. तक्रारदाराचं नाव उघड करायचं नाही, आकडा मात्र लपवायचा नाही. मॅडम, सदस्य म्हणून तुमची सही त्यावर असेल, हे वरिष्ठांना शांतपणे सांगा.

यूजीसीच्या २०१५ च्या नियमांत आवार या शब्दाची व्याख्या बरीच मोठी आहे. संस्थेनं ये-जा करण्यासाठी पुरवलेलं वाहनही त्यात येतं. एसटी त्यात बसेलच असं नाही, पण सहल, क्षेत्रभेट, एनएसएसचं शिबिर नक्की बसतं.

आणि पाठलागाबद्दल. तो स्वतंत्र गुन्हा आहे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. मोबाइलवरून सतत मागे लागणंही त्यात येतं. मुलींना वाटतं, "त्यानं हात तर लावला नाही, काय सांगायचं?" हिंगणघाटसारख्या घटनेआधी महिनोन् महिने जे चाललेलं असतं, ते हेच.

निळं_आकाश_२२
मला थोडं उलट बोलायचं आहे. पथक आलं की आम्हाला भीती वाटते, दिलासा वाटत नाही.

मागच्या वर्षी आमच्या कॉलेजमागच्या बागेत मी आणि माझा वर्गमित्र प्रॅक्टिकलची वही घेऊन बसलो होतो. पथकाची गाडी आली. नावं, गावं लिहून घेतली, दोघांच्या घरी फोन. माझ्या बाबांना "तुमची मुलगी बागेत सापडली" असं सांगितलं. सापडली! मी काय हरवले होते? चार महिने कॉलेज बंद होतं. आईनं रडून-भांडून पुन्हा सुरू केलं.

त्यानंतर थांब्यावरचा एक माणूस रोज माझ्या मागे यायला लागला. तुम्हीच सांगा, मी पथकाला फोन करेन? केला तर पुन्हा घरी फोन जाणार आणि या वेळी कॉलेज कायमचं सुटणार. मी मैत्रिणींना सांगितलं, आम्ही पाच जणी मिळून जायला लागलो, तो आपोआप दिसेनासा झाला. कोणाच्याच कागदावर हे नाही.

वऱ्हाडी_बाप
पोरी, तुहं वाचून मले दोन मिनिटं काही सुचलं नाई. मीही तसाच बाप आहे. घरी असा फोन आला असता तर मीही पास फाडला असता, खोटं काऊन बोलू. आज रात्री पोट्टीसंग बोलतो. तिले सांगतो का काही झालं तं आधी मले सांग, मी कॉलेज बंद करनार नाई.

खाकी_निवृत्त
@निळं_आकाश_२२, बेटा, तुझ्याबाबतीत झालं ते चूक होतं. सज्ञान मुलगी मित्रासोबत बागेत बसली तर पोलिसांनी घरी फोन करायचं काहीच कारण नाही. आमच्यातले काही जण याला प्रतिबंध समजतात, कारण अशा "कारवाया" मोजता येतात आणि पेपरात छापून येतात. पोरांना उठाबशा काढायला लावल्याचे फोटोही तसेच. मी स्वतः असे फोटो काढायला लावले आहेत. आज वाटतं, त्या दिवशी गाडी बसस्थानकामागच्या पानठेल्यांपाशी उभी करायला हवी होती.

कपाशी_आणि_मी
मी शेतकरी, बारावीपर्यंत शिकलो, त्यामुळे मोठ्या गोष्टी नाहीत. पण मोजायचं कसं, ते आम्हाला ठाऊक आहे.

नवीन बियाणं आलं की आम्ही सगळं वावर त्याच्यात टाकत नाही. चार तासं, म्हणजे ओळी, नव्याची, शेजारी चार तासं जुन्याची. माती तीच, पाऊस तोच, खत तेच. मग दिवाळीनंतर वेचणीला कळतं कोणतं खरं. सगळ्या वावरात नवंच टाकलं आणि पाऊस चांगला झाला, तर बियाण्याला श्रेय द्यायचं की पावसाला?

तुमचं पथक तालुक्यातल्या सगळ्या कॉलेजांत एकाच वेळी जातं का? जात नसेल तर जिथे जातं आणि जिथे जात नाही, दोन्हीकडच्या पोरींना एकच प्रश्न विचारा. कार्यक्रमाआधी एकदा, वर्षानं एकदा.

समाजकार्य_शिक्षक
कपाशी_आणि_मी यांनी जे सांगितलं तेच अमेरिकेत कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये झालं. शहराच्या एका भागातल्या १५ बीटांचे, म्हणजे गस्तीच्या हद्दींचे, तीन गट केले. एका गटात नेहमीची गस्त, एकात दुप्पट-तिप्पट, एकात गस्तच बंद, फक्त फोन आला तरच गाडी. वर्षभरानं पाहिलं तर गुन्ह्यांत आणि लोकांच्या भीतीतही फारसा फरक पडला नव्हता. गाडी नुसती फिरत राहिल्यानं काम होत नाही, कुठे आणि केव्हा उभी राहते याला अर्थ आहे. खाकी_निवृत्त यांचं पानठेल्याचं निरीक्षण अगदी तिथेच बसतं.

व्याख्यानांबद्दल. कॅनडात तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी बारा तासांचा प्रशिक्षणक्रम तपासला, निष्कर्ष २०१५ मध्ये आले. लहान गटात, ओळखीच्या माणसाकडून होणारा दबाव कसा ओळखायचा, स्वतःचा संकोच कसा मोडायचा, मग शारीरिक प्रतिकार. एका गटाला हे दिलं, दुसऱ्याला नुसती माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्काराचं प्रमाण माहितीपत्रकांच्या गटात ९.८ टक्के, प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के. म्हणजे तीनशे मुली सभागृहात कोंबून तासभर दिलेलं व्याख्यान आणि वीस जणींबरोबर केलेले बारा तास यांना एकाच रकान्यात "कार्यक्रम" म्हणून मोजता येणार नाही. कॅनडाचा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणत नाही. पद्धत घेण्यासारखी आहे.

जवळचं उदाहरण मध्य प्रदेशचं. तिथल्या १८० पोलीस ठाण्यांत महिला मदतकक्षांचा अभ्यास झाला. काही ठाण्यांत कक्ष दिले, काहींत दिले नाहीत. कक्ष असलेल्या ठाण्यांत महिलांच्या तक्रारींची नोंद वाढली, आणि कक्ष महिला अधिकाऱ्याकडे होता तिथे गुन्हे दाखल होण्याचं प्रमाणही वाढलं. नोंद वाढली ती कार्यक्रमाच्या जमेला धरली गेली, हे वरिष्ठांना दाखवा.

तुरीचा_तुरा
सर, सगळं खरं, पण आमच्या फाट्यावरचा दिवा दोन वर्षांपासून बंद आहे. बारा तासांचं प्रशिक्षण घेऊनही अंधारात काय दिसणार? आणि गाडीची वेळ. प्रॅक्टिकल पाचला सुटतं, बस पाच वाजून दहा मिनिटांनी. धावत गेलं तर मिळते, नाही तर पुढची पावणेसातची. हिवाळ्यात पावणेसात म्हणजे रात्रच.

एसटी_पासधारक
मानव विकास या सरकारी योजनेच्या निळ्या बसमध्ये शाळेच्या मुलींना जागा मिळते, आम्हा कॉलेजवाल्यांना वाहकाच्या मर्जीवर. बारावीपर्यंत पासही फुकट होता, आता पैसे भरा आणि उभं राहा. गर्दीत मागून कोण ढकलतं ते वळून बघायलाही जागा नसते. माझ्या मते निम्मा त्रास तिथला आहे.

वर्धाकाठ
दिल्लीत जागोरी नावाची संस्था बायकांना घेऊन रस्त्यावर सुरक्षा तपासणी करते. दिवा आहे का, आडोसा कुठे आहे, दुकान किती वाजता बंद होतं, पळायला वाट आहे का, हे चालत चालत लिहायचं. मॅडम, हे तुम्हाला दहा मुलींबरोबर एका संध्याकाळी करता येईल. पैसे लागत नाहीत.

काळी_माती
तीन आठवड्यांनी येतेय, धागा वर काढते. तुम्ही सांगितलेलं बरंच करून पाहिलं.

आधी खाकी_निवृत्त यांचा प्रश्न. द्वितीय वर्षाच्या वर्गात वीस जणींना विचारलं. ११२ सगळ्यांना पाठ. ठिकाण नीट सांगता आलं फक्त सहा जणींना. तीन वर्षांच्या व्याख्यानांनंतर सहा. मग आम्ही वाटेतल्या खुणांची यादी मुलींकडूनच करवून घेतली. एका मुलीनं विजेच्या खांबांवरचे क्रमांक लिहून आणले, ते मला सुचलंच नसतं.

मग नाव न लिहिता चिठ्ठ्या भरून घेतल्या, वर्गात मी थांबले नाही, गोळा करायला मुलीच होत्या. तीनच प्रश्न: कुठे नकोसं वाटतं, किती वाजता, शेवटचं कोणाला सांगितलं. २१२ चिठ्ठ्या आल्या. कापसाची वेचणी चालू असल्यानं बऱ्याच जणी कॉलेजला नव्हत्या, त्यांचं राहिलं आहे. आवारातली जागा अकरा जणींनी लिहिली, त्यातल्या सात जणींनी सायकल स्टँडची मागची बाजू. बाकी सगळं बसस्थानकामागची पानठेल्यांची रांग, जिनिंगजवळचं वळण आणि बसमधली गर्दी. वेळ चार ते सहा. पथक येतं सकाळी अकराला, कारण तेव्हा सभागृह मोकळं असतं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाचताना मात्र मी खूप वेळ बसून राहिले. बहुतेकींनी मैत्रीण लिहिलं. काहींनी आई. ४३ जणींनी "कोणालाच नाही". पोलीस कोणीही नाही, आणि आमची समितीही कोणी नाही. निळं_आकाश_२२, तुझी पोस्ट मी नाव न सांगता समितीच्या बैठकीत वाचून दाखवली.

ठाण्यात जाऊन महिला अंमलदारांना चिठ्ठ्यांची बेरीज दाखवली. त्या म्हणाल्या, "मॅडम, अकरा वाजता बोलावतं कोण? तुम्हीच." खरं होतं. आता आठवड्यातून दोन दिवस गाडी साडेचार ते सहा बसस्थानकामागे उभी राहते. मुलगी सज्ञान असेल तर तिला विचारल्याशिवाय घरी फोन नाही, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. लिहून मात्र दिलेलं नाही, तेवढं मागायचं आहे. पेटी मुलींच्या खोलीत आतल्या बाजूला हलवली, किल्ली समितीकडे. पहिल्या आठवड्यात चार चिठ्ठ्या. एक पंख्याबद्दल होती, तीही नोंदवली.

तक्त्यात तक्रारी दोन लिहिल्या. वरिष्ठ दोन दिवस बोलले नाहीत, मग सही केली.

नियमावली
उत्तम. त्या चार चिठ्ठ्यांपैकी छळाबद्दलची असेल तर लेखी तक्रार करायला मुलीला समितीनं मदत करायची असते. घटनेपासून तीन महिन्यांची मुदत आहे, ती चुकू देऊ नका.

कपाशी_आणि_मी
शेजारचं कॉलेज घेतलं का? जुनी तासं?

काळी_माती
हो, तिथल्या एक मैत्रीण प्राध्यापिका तयार झाल्या. त्यांच्याकडे पथक वर्षातून एकदाच जातं. त्याच तीन प्रश्नांच्या चिठ्ठ्या त्या या आठवड्यात भरून घेतील. वेचणी संपली की फेब्रुवारीत दोन्हीकडे पुन्हा.

तुरीचा_तुरा
आणि पाच दहाची बस?

काळी_माती
आगाराला अर्ज दिला आहे, वीस मिनिटं उशिरा सोडा म्हणून. खाली मुलींच्या सह्या आहेत, आणि वऱ्हाडी_बाप यांच्यासारख्या ३८ पालकांच्याही. उत्तर आलेलं नाही. तोवर चार ते पाचचं प्रॅक्टिकल मी सकाळी घेतेय.

वऱ्हाडी_बाप
मॅडम, तुमच्या अर्जाची नक्कल इथं टाका. आमच्या फाट्यावरच्या चार गावच्या सह्या मी घेऊन येतो. पोट्टीनं कालच जिनिंगपासून घरापर्यंतचे खांब मोजले, सतरा आहेत, दिवे लागतात पाचच.